खोली दहा बाय अकराची, स्पीकर केवढे घ्यायचे?

प्रश्न : नमस्कार. मी ठाण्यात कोलशेत रोडला राहतो, नवीन टॉवरमध्ये, चौदावा मजला. मार्चमध्ये रिटायर झालो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याची बेडरूम रिकामी आहे, १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. तिथे गाणं ऐकायची सोय करायची आहे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी आणि थोडं जॅझ. अ‍ॅम्प्लिफायर घरात आहे, ५० वॉटचा. स्पीकरसाठी ८० हजार बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो एवढ्यात टॉवर येतात, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ कशाला घेताय, एकदाच काय ते मोठं घ्या. त्यांच्या शोरूममध्ये ऐकले, आमच्या हॉलच्या दुप्पट खोली आहे ती, आणि तिथे खरंच सुंदर वाजत होते. पण घरी आणायला मन होत नाहीये. काय करू?

उत्तर : काका, अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, आणि दिला असेल तर त्याच पैशात बुकशेल्फ मागा. टॉवर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, तुम्हाला आवडले म्हणजे चांगलेच असणार, पण तुम्ही ते ऐकलेत त्यांच्या मोठ्या खोलीत आणि ते वाजणार आहेत तुमच्या छोट्या खोलीत, आणि खालच्या सुरांच्या बाबतीत खोली हाच अर्धा स्पीकर असतो हो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

एक साधा हिशोब करून बघा. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं निम्मं ५६५. ह्या ५६५ ला खोलीच्या मापाने भागायचं, जो आकडा येईल तेवढ्या हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं असलेला) सूर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकतो आणि घुमत राहतो. तुमच्या ११ फुटांना येतात ५१, १० फुटांना ५६ आणि साडेनऊ फुटांच्या छताला ५९. तीनही आकडे कसे चिकटून आलेत बघा! खोली १० बाय १५ असती तर ५६ आणि ३८ असे पांगले असते, तुमची मात्र जवळजवळ चौकोनी पेटी आहे त्यामुळे तिघंही एकाच जागी येऊन बसलेत. आता जॅझमधला डबल बेस घ्या, त्याची ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झला बोलते, म्हणजे बरोब्बर ह्या घोळक्यात, ती छेडली की अख्खी खोली फुगणार आणि शेजारची डी ची तार, ७३ हर्ट्झची, तिच्यापुढे एकदम किरकोळ वाटणार. वाजवणाऱ्याने दोन्ही सारख्याच जोरात वाजवल्यात तरी. तानपुऱ्याचं जरा बरं आहे, गवई काळी एकला गात असेल तर खर्जाची तार ६९ च्या आसपास येते, म्हणजे घोळक्याच्या थोडी वर. पण ह्या आकड्यांची दुप्पट केली की १०२ ते ११९, तिथेही हाच प्रकार होतो, थोडा कमी, आणि तिथे आपला डग्गा आहे.

त्यात नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नसतात, मायवान शटरिंग लावून अख्ख्या काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. खिळा ठोकायला गेलात की कळतंच. अशी भिंत जराही हलत नाही, त्यामुळे बेस शोषला जात नाही, तसाच्या तसा परत येतो. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. म्हणजे बेस घुमणार आणि वरचे सूर टणटण करणार, दोन्ही एकदम.

हे मी वाचून सांगत नाहीये. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात मी टॉवर आणले होते, खोली तुमच्याएवढीच. दुकानदार दोन महिने सांगत होता वाजू द्या, मोकळे होतील. स्पीकरच्या कडेचं रबर थोडंफार मोकळं होतं हे खरं, पण दहा फुटांची खोली दहा फुटांचीच राहते ना. किशोरीताईंची रेकॉर्डिंग लावली की आलाप स्वच्छ, आणि तबला सुरू झाला की मागे नुसतं घुम्म घुम्म, 'धा' संपायच्या आत पुढचा बोल येऊन त्याच्यावर पडायचा, ठेकाच कळेना. मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसं आहे. वर्षभराने मित्राचे छोटे बुकशेल्फ सहज आणून त्याच जागी ठेवले आणि पहिल्यांदा डग्ग्याची प्रत्येक थाप सुटी सुटी ऐकू आली, त्या संध्याकाळी आम्ही जेवायचं विसरलो. टॉवर मग निम्म्या किमतीत गेले.

तर तुमच्यासाठी ५ ते साडेपाच इंची वूफरचा टू-वे बुकशेल्फ, म्हणजे खालच्या सुरांना वूफर आणि वरच्यांना ट्वीटर असे दोनच भाग. त्यातही बंद पेटीचा मिळाला तर पहिली पसंती त्याला. कारण असं की बंद पेटीचा बेस खाली जाताना हळूहळू उतरतो, दर सप्तकाला १२ डीबी (डीबी म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) ह्या हिशोबाने, आणि पोर्ट, म्हणजे पेटीला हवेचं भोक, असलेल्याचा आधी जास्त खालपर्यंत टिकतो आणि मग झपकन पडतो, सप्तकाला २४. छोटी खोली स्वतःच खालच्या सुरांना उचलून धरते, त्यामुळे जो स्पीकर तिथे हळूच माघार घेतो त्याच्याशी तिचं जमतं. पण खरं सांगायचं तर बंद पेटीचे आता कमीच बनतात, बहुतेक पोर्टवालेच मिळतील. मग निदान पोर्ट पुढच्या बाजूला असलेला बघा किंवा पोर्टमध्ये घालायचा फोमचा बोळा सोबत येतो का विचारा. नसला तर गुंडाळलेला सुती पायमोजा तेच काम करतो, घरी करून बघण्यासारखं आहे.

छोटा स्पीकर म्हणजे तडजोड असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. १९७० च्या दशकात बीबीसीला आउटडोअर प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये आवाज तपासायला स्पीकर हवा होता, गाडीत जागा ती किती असणार. त्यांच्या इंजिनिअरांनी फूटभर उंचीची बंद पेटी बनवली, वूफर जेमतेम पाच इंची, वूफर-ट्वीटर दोन्ही केईएफ ह्या इंग्लिश कंपनीचे, नाव एलएस३/५ए. सगळा भर कशावर, तर माणसाचा आवाज माणसासारखा यायला हवा. खोल बेस त्यात नाहीच, वरच्या बेसला थोडा उठाव आहे त्यामुळे कानाला कमी पडल्यासारखं वाटत नाही. पन्नास वर्षं झाली, आजही तो डिझाइन लायसन्सवर बनतो आणि लोक घेतात. नवा तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण कुठे ऐकायला मिळाला तर जरूर ऐका, गाण्यासाठी काय लागतं ते तिथे कळतं. तुमच्या पैशात व्हार्फडेल, डाली, एलॅक, केईएफ ह्यांचे छोटे बुकशेल्फ ऐका आणि आपल्याकडची कोलकात्याची सोनोडाइनही ऐका. ८० हजार सगळे घालवायची गरज नाही, स्टँडला आणि खोलीला काही ठेवा.

५० वॉटची काळजी सोडा. छोट्या स्पीकरवर साधारण ८५ डीबी लिहिलेलं असतं, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज. तुम्ही बसणार साडेपाच फुटांवर, तिथे साधारण साडेचार डीबी कमी होतात आणि स्पीकर दोन असल्यामुळे त्यातले तीन परत मिळतात. म्हणजे एका वॉटमध्येच भरपूर. एखाद्या थापेला अचानक १५ डीबी जास्त लागले तरी ३२ वॉट होतात.

आता मांडणी, आणि काका ह्याला स्पीकर निवडण्याइतकाच वेळ द्या. ११ फुटांच्या बाजूने ऐकायचं. स्पीकर पुढच्या भिंतीपासून पावणेदोन-दोन फूट पुढे, एकमेकांपासून पाच फूट, म्हणजे बाजूच्या भिंती अडीच फुटांवर येतील. मागचं अंतर आणि बाजूचं अंतर सारखं येऊ देऊ नका, सारखं आलं की तोच सूर दुप्पट फुगतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे. भिंतीला टेकून बसायचं नाही, तिथे बेस सगळ्यात जास्त, आणि खोलीच्या बरोब्बर मध्येही नाही कारण तिथे ५१ वाला सूर जवळजवळ गायब होतो. मोबाइलवर टोन काढणारं अ‍ॅप मिळतं, त्यातला ५५ हर्ट्झ ह्या स्पीकरवर लावून खोलीत सावकाश फिरा, कुठे पोट हलतं आणि कुठे काहीच येत नाही ते स्वतःच कळेल, चार इंच खुर्ची सरकवली तरी फरक पडतो.

स्टँड एवढा उंच घ्या की ट्वीटर बसल्यावर कानाच्या रेषेत येईल. पोकळ पाइपचा असेल तर वाळू भरा, आणि स्टँडखाली कडप्प्याचा तुकडा टाका, मार्बलवाल्याकडे उरलेला मिळतो. मुलाचा दिवाण तिथेच राहू दे, त्यावरची कापसाची गादी फार कामाची आहे. कपाटात पुस्तकं भरा. बाजूच्या भिंतीला कोणालातरी आरसा धरून सरकवायला सांगा, खुर्चीतून जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथे जाड गोधडी टांगा, दोन्ही बाजूंना. पुढे जमिनीवर जाजम. हे वरच्या सुरांसाठी, गोधडीने बेस थांबत नाही, आणि अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ते मात्र करू नका, त्याने बेसला काही होत नाही आणि धूळ साठते.

आणि सबवूफर आत्ता नको. खालच्या मजल्यावर स्लॅबमधून जातो तो, आणि तुमच्या खोलीत त्याला करायला कामही नाही.

दुकानदाराला सांगा डिपॉझिट घ्या पण दोन दिवस घरी वाजवू द्या. बरेच जण देतात. जो देत नाही त्याच्याकडून निदान हा एवढा खर्च करू नका.

प्रश्न : दादा, आम्ही नेरुळला असतो. बाबांचे १९८० च्या दशकातले मोठे स्पीकर आहेत, बाबा गेले, आता वूफरच्या कडेची काळी स्पंजची रिंग हात लावला की भुगा होतेय. भंगारवाला न्यायला तयार आहे. देऊन टाकू का?

उत्तर : ताई, नका देऊ! ती रिंग फोमची आहे, आपल्याकडच्या दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत गळतेच, खाडीजवळ तर लवकरच, त्यात वापरणाऱ्याची चूक काही नसते. बाकी वूफर बहुतेक शाबूत असतो. आता एवढंच करा, दोन्ही हातांची बोटं कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, समोरासमोरच्या बाजूंवर ठेवून अगदी हलक्या हाताने सरळ आत दाबा, खरखर आली नाही म्हणजे कॉइल, आतली तारेची गुंडाळी, ठीक आहे. रिंग बदलेपर्यंत वाजवू मात्र नका, रिंगशिवाय कोन वाकडा हलतो आणि कॉइल घासते. रिंग बदलून मिळते, लॅमिंग्टन रोडला हे काम करणारे कारागीर आहेत, वूफर खोलून तेवढाच घेऊन जा, पेटी न्यायची गरज नाही. शक्य असेल तर मूळ मापाची फोमचीच रिंग लावायला सांगा, रबराची टिकते जास्त पण जड असते, त्याने बाबांच्या स्पीकरचा आवाज थोडा बदलेल. खोली छोटी असेल तर वरच्या काकांचं उत्तर वाचा आणि ते हॉलमध्येच लावा.

प्रश्न : ऐरोलीला पीजीमध्ये राहतो, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार इंची पॉवर्ड स्पीकर (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले). टेबलच वाजतं असं वाटतं. नवीन घेऊ का?

उत्तर : नवीन नको रे. टेबलच वाजतंय. दोन्हीखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे दुमडून ठेव, पुढची बाजू थोडी वर कर म्हणजे ट्वीटर कानाकडे बघेल, आणि स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढ. मागे बेस कमी करायचा स्विच असतो बऱ्याच मॉडेलना, भिंत जवळ असेल तर तो एक पायरी खाली कर. रात्री दहानंतर हेडफोन.