रीफ टँकचा (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा) ऑटोमॅटिक टेस्टर केएच (पाण्याची अल्कलिनिटी) ८.९ दाखवतो, हाताच्या किटवर ७.८ येतो. मशीन किटप्रमाणे सेट करू का? (वाघोली, पुणे)

लगेच ७.८ टाकून मोकळे होऊ नका. तुम्ही किट खरं धरून चालला आहात, पण त्या किटची परीक्षा कोण घेणार? रिएजंट (टेस्टचं रसायन) जुना झाला असेल तर तोही थापा मारतो.

ही परीक्षा घरीच होते. खायचा सोडा घ्या (बेकिंग पावडर नको), २.४ ग्रॅम मोजून १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली काढून घ्या आणि त्यात डिस्टिल्ड पाणी घालून १ लिटर करा. हे झालं ८ डीकेएचचं (केएच मोजायचं एकक) पाणी. वजनाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, किचनमधला चालणार नाही. बॅटरीत घालायचं पाणी वापरता येतं, फक्त आधी टीडीएस मीटर बुडवून बघा, शून्याच्या आसपास असू दे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी इथे अजिबात नको, त्यात स्वतःचाच केएच भरपूर असतो.

आता या पाण्याची किटने टेस्ट करा. सिरिंजमध्ये बुडबुडा नको, आणि रंग दिवसाउजेडी बघा; टँकच्या निळ्या लाइटखाली गुलाबी कधी झालं ते कळतच नाही. समजा ८ च्या जागी ७.२ आलं, तर तुमच्या ७.८ चे खरे साधारण ८.७ होतात. म्हणजे मशीन बिचारं जवळपास बरोबरच होतं! आणि ८ च आलं, तर मात्र मशीनकडे वळायचं.

त्यासाठी मशीन पाणी ओढतं त्याच वेळी, त्याच जागेवरून हातानेही सॅम्पल घ्या. केएच वाढवणाऱ्या द्रावणाचा डोस नुकताच पडलेला असताना केलेल्या तुलनेला अर्थ नाही. असं काही दिवस करा. रोज पाच मिनिटं पुढे असणारं घड्याळ चालतं, कधी दोन तर कधी दहा मिनिटं पुढे असणारं नाही. फरक रोज तेवढाच राहिला तर बिनधास्त दुरुस्ती टाका.

फरक रोज बदलत असेल किंवा हळूहळू वाढत असेल, तर कॅलिब्रेशनने काही होणार नाही. रिएजंटच्या नळीत हवा शिरली किंवा पंपाची नळी झिजली, की एका फेरीत रिएजंट कमी पडतो. मग रंग बदलायला जास्त फेऱ्या लागतात आणि मशीन आकडा चढवून सांगतं. तुमचं रीडिंग वरच आहे, म्हणून मी सगळ्यात आधी त्या नळ्याच तपासेन.

तोवर डोसिंग पंप मशीनच्या रीडिंगवर आपोआप कमी-जास्त होत असेल तर ते बंद ठेवा, ठरावीक डोस चालू द्या. अ‍ॅक्रोपोरा (नाजूक जातीचे प्रवाळ) असतील तर विशेषच. केएच एका दिवसात १ ने हलला तरी त्यांना त्रास होऊ शकतो.