लाईन गेल्यावर कंट्रोलरने काय करायचं?

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बाया मिळून आम्ही विक्रीसाठी दही लावतो. रोजचं ५० लिटर दूध, त्यातलं बरंच गवळाऊ गाईंचं. मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने घरी बिअर बनवणाऱ्या परदेशी माणसांचे व्हिडिओ दाखवले. त्यांचा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, तापमानाचे टप्पे एकामागून एक आपोआप पार पाडतो. दह्यासाठी तसं करता येईल का? की साधा थर्मोस्टॅट पुरेल? आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही.
— एक वाचक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची नजर चांगली आहे. बिअरवाले जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) गरम पाण्यात कालवून ६२ ते ६७ अंशांवर तासभर धरतात. तेवढ्यात धान्यातली विकरं (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात. मग ७६-७८ अंशांवर नेऊन विकरांचं काम थांबवायचं, गाळायचं, उकळायचं, झटकन थंड करायचं आणि २० अंशांच्या आसपास यीस्ट टाकायचं. तुमचं दही याच वाटेने जातं: ८५ अंशांवर अर्धा तास, ४३ पर्यंत उतार, विरजण, ४२-४३ वर चार ते सहा तास, मग थंड. वर्ध्यात दारूबंदी आहे, आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं राज्यात कुठेही गुन्हाच. त्यामुळे मुलाने तिथलं फक्त कंट्रोलचं तंत्र उचलावं.

एकच तापमान धरायचं असेल तर थर्मोस्टॅट पुरतो. पण आपण कितव्या टप्प्यावर आहोत, हे त्याला कळत नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या पॅनेलवर काम करताना मी एक गोष्ट पक्की शिकलो: सगळं सुरळीत असताना मशीनने काय करायचं, हे लिहायला सोपं असतं. लाईन जाऊन परत आल्यावर काय करायचं, तो भाग आधी लिहावा. पीएलसीवर पैसे घालायचे ते त्याच्यासाठी. म्हणून टप्प्याचा क्रमांक आणि टायमर रिटेन्टिव्ह मेमरीत ठेवायला सांगा. लाईन गेली तरी ती आठवण पुसत नाही. लाईन किती वेळ नव्हती हे कळायला घड्याळ असलेला पीएलसी घ्या.

आता प्रत्येक टप्प्याचा नियम वेगळा. ८५ अंशांवर धरलेलं असताना लाईन गेली आणि दूध खाली उतरलं, तर अर्धा तास पुन्हा शून्यापासून मोजायचा. या तापण्यानेच दुधातली प्रथिनं उलगडतात, दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं, तेव्हा इथे काटकसर नको. सगळ्यात नाजूक वेळ उताराची. दूध ६० च्या खाली आलंय, विरजण अजून पडलेलं नाही, आणि थंड पाण्याचा पंप बंद! कोमट दूध तासन्‌तास तसंच राहिलं तर नको ते जंतू आधी जागा धरतात. माझा नियम कडक आहे: अशा अवस्थेत तासाहून जास्त गेला तर कंट्रोलरने हूटर वाजवावा आणि पहिल्या टप्प्यावर परत जावं. विरजण पडल्यावर मात्र घाबरायचं कारण नाही. तापमान ३८ वर आलं तरी दही लागतंच, फक्त उशिरा. तिथे तासांवर विसंबू नका, पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ झाला की गंज, म्हणजे दह्याचं भांडं, थंड करायला घ्या.

तापवताना आणि उतरवताना पुढचा टप्पा कधीही घड्याळावर सुरू करू नका, तापमानावर करा. गावात व्होल्टेज पडतं, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ३ किलोवॉटचा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १.८ किलोवॉट देतो. ५० लिटर दूध ३० वरून ८५-९० ला न्यायला साडेतीन युनिटच्या आत-बाहेर लागतात, बाहेरच्या पाण्याचे वेगळे. बाहेरचं पाणी म्हणजे दुहेरी गंजातलं: आत दूध, भोवती पाणी. हीटर त्या पाण्यात ठेवा, दुधात नको, दूध करपतं. तिथे फ्लोट स्विच (पाणी उतरलं की हीटर बंद करणारा तरंगता स्विच) हवाच, नाहीतर पाणी आटल्यावर हीटर जळेल. पूर्ण व्होल्टेजवर हा हीटर १३ अँपिअर खेचतो, तेव्हा त्याची लाईन आणि एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) वेगळे घ्या.

तापमानासाठी पीटी१०० सेन्सर तीन तारांचाच घ्या. तो विजेच्या रोधावरून तापमान ओळखतो. दोन तारांत लांब वायरचा रोध मोजणीत मिसळतो: एका ओहमला साधारण अडीच अंश. दह्याच्या खेळात अडीच अंश पुष्कळ झाले.

आपल्याकडचा उन्हाळा बिअरवाल्यांच्या व्हिडिओत नसतो. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ अंश आपसूक होतात. तेव्हा दही तापवायचं नसून निववायचं असतं, नाहीतर ते आंबट होतं आणि पाणी सोडतं. डिसेंबरच्या रात्री उलट. म्हणून प्रोग्रॅममध्ये ४१ च्या खाली हीटर आणि ४४ च्या वर पाण्याचा पंप, अशा दोन्ही बाजू ठेवा. पॅनेल उत्तरेच्या भिंतीला, सावलीत लावा. बहुतेक पीएलसी भोवतालच्या ५५ अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, आणि उन्हातली लोखंडी पेटी तो आकडा सहज गाठते.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे एसएसआर, बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. मग पीएलसीने कितीही ‘बंद’ म्हटलं तरी हीटर तापतच राहतो. त्याच्या आधी एक काँटॅक्टर (चुंबकाने चालणारा दणकट स्विच) घाला आणि तो वेगळ्या, हाताने रिसेट करायच्या थर्मोस्टॅटने सुटू द्या. त्या वायरिंगचा पीएलसीशी काही संबंध नको. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याशिवाय एकाही बाईने ओल्या हाताने त्या गंजाजवळ जाऊ नये.

सुरुवातीला गंजात दूध घालू नका, पाणी भरा. प्रत्येक टप्प्याच्या अधेमधे मुलाला मेन स्विच पाडायला सांगा, कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. परत चालू केल्यावर पंप, हीटर आणि हूटर काय करतात ते वहीत लिहा. वरच्या नियमांशी सगळं जुळलं की मगच दूध ओता.