आधी आजोबांपाशी बस

चि. बाळ हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी एकट्यानं पुन्हा वाचलं. पुण्यातली नोकरी, मागे पडलेला रियाज, आजोबांच्या सतारी-तंबोरे घडवण्याच्या कामाबद्दल लिहायची इच्छा, आणि शेवटी 'जरा स्थिरस्थावर झाले की हात घालीन'. त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. स्थिरस्थावर होण्याची वाट बघू नकोस. आजोबांचा हात अजून चालतोय. तो चालतोय तोवर त्यांच्यापाशी बस.

मी कुठे इतिहास शिकायला गेलो होतो? रेल्वेत कारकून होतो, मिरजेच्या मालधक्क्यावर. तेव्हा आपल्या जंक्शनात तिन्ही रूळ यायचे. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी नॅरोगेज, जी 1927 साली मिरजेपर्यंत आली. रूळ बदलला की माल एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत हातानं हलवायचा. गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, सगळं पाठीवरून. मी पोती मोजायचो, पावत्या लिहायचो, आणि काम थंडावलं की हमालांशी बोलत बसायचो. कुणाचं गाव कुठलं, घर कोणत्या सालच्या दुष्काळात सुटलं, आषाढीला छोट्या गाडीच्या टपावर किती माणसं चढायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. खिशात वही असायची, लिहून ठेवायचो. ऑफिसातल्या रजिस्टरात पोत्यांचा हिशेब आहे, ती उचलणाऱ्याचं नाव नाही. माझ्या वहीत आहे. नोकरीनं माझा वेळ खाल्ला असं मला कधीच वाटलं नाही. नोकरी होती म्हणून ही माणसं भेटली. तुलाही सांगतो, एवढ्यासाठी नोकरी सोडून येऊ नकोस. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार मिरजेला ये, पुष्कळ होईल.

आणि आजोबांना 'तुमचा इतिहास सांगा' असं कधी म्हणू नकोस. असं विचारलं की माणूस भाषण करतो. त्यांच्या हातात वस्तू असू दे आणि वस्तूबद्दल विचार. हा भोपळा कुठून आणलाय? ते सांगतील, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, भीमाकाठचा, जाड सालीचा, खायचा नव्हे. मग आपोआप निघेल की तो आणायला कोण जायचं, कसं जायचं, पैसे रोख की उधार. दांडीचं लाकूड, खुंट्या, मणी, एकेक हातात घे. ते जवारी काढायला, म्हणजे तारेचा नाद खुलवायला, बसतील तेव्हा तर हलूच नकोस. मी कितीतरी वेळा पाहिलंय. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस अगदी हलकेच एकदा फिरते, तार चढते, तारेखाली सुती धागा सरकतो, बोट तार छेडतं आणि आजोबा मान वाकडी करून ऐकतात. नाही. तार उतरते, पुन्हा कानस. असं होता होता एका जागी धागा येतो आणि तोच तंबोरा एकदम बोलायला लागतो, एका तारेतून चार स्वर ऐकू येतात. कानस कुठे थांबवायची हे त्यांना कसं कळतं, हे कुठल्याही कागदावर नाही. फोनवर चित्रण कर, पण नुसतं चित्रण पुरणार नाही. 'आत्ता का थांबलात?' हे त्याच क्षणी विचार.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीत पेढे वाटले गेले. मला मनापासून आनंद झाला. पण मानांकन नाव राखतं, हात राखत नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी इथे सतार घडवली, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांतली माणसं वाद्यांकडे वळली, आणि पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. ही हकिकत आता छापून येते. तुझ्या पणजीनं भोपळे वाळवताना, पॉलिश चढवताना काय काय केलं, ते कुठे छापलेलं नाही. तुझ्या घरातल्या बायकांना विसरलीस तर तुझं लिखाण अर्धंच राहील.

गाण्याचं विचारलंस. मी गवई नाही, ऐकणारा आहे, आणि उरुसात मागे तंबोरा धरणारा. आपल्या गावानं किती दिलंय बघ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे गाणं शिकवत, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि 1896 साली बाहेर पडून पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दुसरीकडे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, जन्म कैरान्याचा, घर मिरजेत. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांची तब्येत बिघडली, ते वाटेत सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले आणि तिथेच फलाटावर गेले. माझ्यासारख्या रेल्वेवाल्याला हे वाचून काय वाटलं असेल, तूच समज. त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्याच आवारात दरवर्षी उरुसात रात्र-रात्र गाणं चालतं. उरुसाचा पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गाणारा कुठल्या घरचा, ऐकणारा कुठल्या घरचा, हे तिथे कुणी विचारत नाही. आमच्या दोन्ही मुली तिथेच चिंचेखाली सतरंजीवर झोपत मोठ्या झाल्या.

घराबद्दल थोडंच लिहितो, कारण ते तू पाहिलंयस. रेल्वेच्या क्वार्टरच्या दोन खोल्या, माझी पाळीची नोकरी, कोपऱ्यात गवसणीतला तंबोरा. काकू बाहेरच्या खोलीत गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवायची. त्या मुलींच्या आज्या सोबत यायच्या आणि बसल्या बसल्या ओव्या म्हणायच्या. काकूनं त्या उतरवून घेतल्या, प्रत्येकीखाली म्हणणारीचं नाव आणि गाव घातलं. माझ्या वह्यांपेक्षा तिच्या वह्या मोलाच्या आहेत. संसार, नोकरी, गाणं, गाव असे वेगळे कप्पे आम्ही केले नाहीत, करायला जागाच नव्हती. तू ते पुण्यात करू पाहतेयस, म्हणून दमतेस. रोज संध्याकाळी नुसता तंबोरा लावून अर्धा तास षड्ज, म्हणजे सा, धर. तंबोरा आजोबांनी केलेला आहे, म्हणजे रियाजही झाला आणि त्यांच्या कामाचा अभ्यासही.

अजून एक. गावाचा इतिहास किल्ल्यात आणि पटवर्धन संस्थानिकांच्या वाड्यातच शोधू नकोस. शाहू महाराजांनी नारायण राजहंसाला कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं, आणि 1905 साली याच मिरजेत तो बालगंधर्व म्हणून शकुंतलेच्या वेशात रंगभूमीवर उभा राहिला. दवाखान्याच्या नोंदवहीत नाटकाचा इतिहास असतो तो असा. आणि सगळं जुनंच असतं असंही नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला पाणी घेऊन गाडी निघाली ती आपल्या स्टेशनातून, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गेली पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, एके काळच्या त्या छोट्या गाडीच्या वाटेनं. मी निवृत्त झालो होतो, तरी बघायला गेलो. टाक्या भरणाऱ्या पोरांची नावं लिहून घेतली. दोघं माझ्या ओळखीच्या हमालांचे नातू निघाले.

आता कामाचं सांगतो. घरातले जुने फोटो काढ, आजोबांना एकेक दाखव आणि मागे मऊ पेन्सिलीनं नावं, साल, जागा लिही. शाईच्या पेननं नको, पलीकडे उमटते. दोन माणसांनी दोन सालं सांगितली तर दोन्ही लिही, कुणी सांगितलं तेही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख आणि नाव स्वतःच्या आवाजात बोल. प्रत दोन ठिकाणी ठेव, एक आमच्याकडे चालेल. आजोबा एखादी गोष्ट छापू नको म्हणाले तर छापायची नाही. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांचं मन बोलण्यात असतं, दुपारी डुलकी लागते.

पुढच्या शनिवारी येतेस का ते कळव. सकाळच्या गाडीनं आलीस तर मी स्टेशनवर येईन, तिथून थेट सतारमेकर गल्लीत जाऊ. काकूच्या ओव्यांच्या वह्या काढून ठेवल्यात, त्यातली पहिली तुला न्यायला देणार आहे म्हणते. आई-बाबांना नमस्कार.

तुझा
काका