गोड्या पाण्यातले मासे सहा वर्षं पाळतोय, आता समुद्री रीफ टँक (प्रवाळांचा टँक) करायचाय. कितपत अवघड जाईल?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: पुण्यात तीन फुटांचा टँक आहे, एंजल, टेट्रा, थोडी झाडं, कॅनिस्टर फिल्टर. सहा वर्षांत मोठी मर झालेली नाही. आता तोच टँक रिकामा करून त्यात समुद्री पाणी, कोरल म्हणजे प्रवाळ, आणि क्लाऊनफिशची जोडी आणायची आहे. शेवटी विचारलंय, 'अनुभव आहे, तर फार अडचण येऊ नये ना?'

येईल. आणि मुख्यतः अनुभवामुळेच येईल. मी अकरा वर्षं गोड्या पाण्यात काढून मग खाऱ्याकडे वळलो. पहिल्या चार महिन्यांत पाच मासे घालवले. आज हिशेब मांडतो तेव्हा दिसतं, की त्यातला जवळजवळ प्रत्येक मासा माझ्या एखाद्या चांगल्या सवयीने मारला. नवख्या माणसाला निदान आपल्याला येत नाही हे ठाऊक असतं. आपला हात मेंदूच्या आधी चालतो.

पहिली सवय पाणी भरण्याची. गोड्या टँकमध्ये पातळी दोन बोटं उतरली की आपण बादली ओततो. खाऱ्या टँकमध्ये उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे तूट भरायची ती बिनमिठाच्या पाण्याने. वाचताना हे इतकं साधं वाटतं की कोण चुकेल? मी चुकलो. समुद्राचा टँक आहे म्हणून तीन आठवडे मिठाचं पाणीच भरत राहिलो. माझ्याकडे क्षारता मोजायचा काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर होता, त्याच्या काट्याला बुडबुडे चिकटत आणि तो मनाला येईल तो आकडा दाखवी. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता अचूक मोजणारं उपकरण) आणला तेव्हा घनता १.०३१ दिसली. हवी होती १.०२५ ते १.०२६, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. तुमच्या तीन फुटी टँकमध्ये खरं पाणी १५० ते १८० लिटर बसेल. पुण्याच्या एप्रिलमध्ये, वर पंखा लावलेला असेल तर, दिवसाला तीन-चार लिटर सहज उडतात. चार लिटर गेले की ३५ चे जवळजवळ ३६ होतात, तेही एका दिवसात. एंजलला असला फरक कळणारही नाही. कोळंबी मात्र आडवी होते. त्यामुळे खरेदीच्या यादीत दिव्याच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायचं ३५ क्षारतेचं द्रावण लिहा. त्याखाली ऑटो टॉप-ऑफ: पातळी उतरली की छोटा पंप बाजूच्या डब्यातून आरओचं पाणी आत सोडतो. त्याशिवाय तुम्ही दोन दिवस लोणावळ्यालाही जाऊ शकणार नाही.

आता आरओ. 'घरी आरओ आहे' असं तुम्ही लिहिलंय. आपल्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओंमध्ये पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं. ते गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. नळाखाली टीडीएस मीटर धरून बघा, ५० ते १०० आकडा सहज येईल. टँकला शून्य हवा. मेंब्रेनमधून निघालेलं पाणी त्या भानगडीच्या आधीच वेगळ्या नळीने काढायचं आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार काढणारी) एक नळकांडी लावायची. प्लंबर 'याची काही गरज नाही' म्हणेल. त्याला चहा द्या आणि काम करून घ्या. नाहीतर नळाच्या पाण्यातलं फॉस्फेट, सिलिकेट रोज थेंबाथेंबाने साठत जातं आणि सहा महिन्यांनी दगडांवर शेवाळाची गोधडी पसरते. दुसरं पाणी म्हणजे खुद्द समुद्राचं. अलिबागहून कॅन भरून आणणारे लोक मला माहीत आहेत. किनाऱ्याच्या पाण्यात नाल्यांचं सांडपाणी आणि बोटींचं तेल असतं, पावसाळ्यात क्षारता पार खाली जाते. सॉल्ट मिक्स महाग पडतं खरं, पण त्यात काय आहे ते तरी माहीत असतं.

दुसरी सवय मला सगळ्यात महागात पडली. माशावर पांढरे ठिपके दिसले की आपण काय करतो? हीटर तीस अंशांवर, मूठभर खडा मीठ, आठवड्यात मासा ठणठणीत. या उपायावर माझी इतकी श्रद्धा होती की समुद्री माशावर ठिपके दिसल्यावर मी हीटर वाढवला आणि निर्धास्त झोपलो. गोड्या पाण्यातला इक, म्हणजे हे पांढरे ठिपके, इक्थिओफ्थिरियस नावाच्या परजीवीचा, त्याला मीठ सोसत नाही. समुद्रातले ठिपके क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या वेगळ्याच परजीवीचे. तो मिठातच जन्मतो, मिठातच मरतो. शिवाय खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. तापमान वाढवून मी आजारी माशाचा श्वासच कोंडला. सकाळी दोन क्लाऊन तळाशी पडलेले होते.

त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते कोळंबी, गोगलगाई, कोरल सगळ्यांना मारतं आणि दगडांत शोषलं जातं. म्हणून औषध करायचं ते वेगळ्या टबात. बारका स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, वाळू नाही, दगड नाही. मुख्य टँक मात्र माशांविना ठेवायचा, कारण परजीवीची कवचं वाळूत पडून राहतात. छंदातले लोक ७६ दिवस मोजतात. अडीच महिने रिकामा टँक बघत बसायचं! घरच्यांचे टोमणे वेगळे. (आमच्याकडे त्या काळात टँकला 'मिठागर' नाव पडलं, ते अजून आहे.) यापेक्षा नवा मासा आधी महिनाभर त्या टबात ठेवणं किती सोपं. मी आता दुकानातून आणलेला मासा थेट टँकमध्ये कधीच सोडत नाही.

एक जीवशास्त्राची गोष्ट लक्षात ठेवली तर बरंच उलगडतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. पाणीच त्याच्या अंगात शिरतं आणि तो सतत ते बाहेर टाकतो. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे पाण्यात तुम्ही जे ओताल ते त्याच्या पोटात जातं. 'थोडं औषध टाकून बघू' हे तिकडे खपून जातं, इकडे नाही.

कॅनिस्टरमधलं जुनं माध्यम वापरून सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसणं) लवकर होईल का, असंही विचारलंय. त्यावर भरवसा ठेवू नका. गोड्या पाण्यातले जिवाणू एकदम ३५ क्षारतेत टाकले तर कामाचे राहत नाहीत. कोरडा दगड, समुद्री जिवाणूंची बाटली, थोडा अमोनिया आणि चार ते सहा आठवडे. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आले की पहिला मासा. त्यानंतर तपकिरी डायटम शेवाळ येईल, मग हिरवं, मग लालसर बुरशीसारखं दिसणारं सायनो (सायनोबॅक्टेरिया). टँक अगदी भिकार दिसेल. तेव्हा हात आत घालायची जबरदस्त खाज सुटते, ती आवरा. टेट्राचे बारा नग एकदम आणायचीही सवय इथे सोडा. दोन मासे, महिनाभर थांबणं, मग पुढचा.

आता मुख्य मुद्दा, कोरल. याबद्दल मराठीत कोणी स्पष्ट लिहीत नाही. परदेशी व्हिडिओंत जे रंगीत बगीचे दिसतात ते बघून तुम्ही निघाला आहात. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ शेजाऱ्याकडून कोरलचे तुकडे घेतो, त्याच्या बदल्यात आपले देतो. तिथे टँकमध्येच वाढवलेल्या कोरलची देवाणघेवाण राजरोस चालते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडे आणि समुद्री काकड्याही तिथेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२३ पासून अनुसूची बदलल्या, पण प्रवाळ पहिल्यातच राहिले. दुकानदार हळूच सांगेल, 'साहेब, इंडोनेशियाचा माल आहे, आपला नाही.' पण कायद्याच्या यादीत शब्द 'सगळे' असा आहे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही त्यातून सुटत नाही. त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा दगड खरेदी करतानाही तो कशाचा आहे ते बघा. मालवणला फिरायला गेल्यावर एखादा तुकडा पिशवीत टाकायचा मोह तर होऊच देऊ नका. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायलाही वनखात्याची परवानगी लागली होती. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं भलंमोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. आपल्या राज्यासमोर एवढं वैभव आहे, आणि ते तिथेच राहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझ्या टँकमध्ये कोरल नाही. आठ वर्षांत त्याची उणीव फार भासली असंही नाही. सिरॅमिकचा आणि कोरडा खाणीतला दगड, त्यावर जांभळं कोरलाइन शेवाळ आता छान चढलंय. क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, दोन क्लीनर कोळंब्या, गोगलगाई, आणि मागच्या कप्प्यात किटोमॉर्फा शेवाळाचं जंगल, जे नायट्रेट खातं. क्लाऊनफिश घ्याल तर टँकमध्ये जन्मलेलेच घ्या. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) आपल्या देशात त्यांची पैदास बसवून दिली आहे, आपल्या ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी झाली आहे. रानातून पकडलेल्या माशाला कधीकधी सायनाइडने गुंगवलेलं असतं. फिलिपिन्स, इंडोनेशियात हा धंदा कित्येक वर्षं चालला. असा मासा दुकानात ठीक दिसतो, घरी आल्यावर खात नाही. खरेदीआधी दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. आणि निळ्या टँग माशाचं नावही काढू नका, तीन फुटांत त्याचा जीव गुदमरतो. मॅंडरिन मासा तर सुंदर उपासमार आहे. जिवंत कोपेपॉड (बारीक समुद्री जीव) मिळाले नाहीत की महिन्या-दोन महिन्यांत खंगतो.

बाकी सामानाचं थोडक्यात. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घ्या, गोड्या पाण्यात तो चालत नाही म्हणून तुम्ही पाहिलेला नसेल, पण पहिल्या आठवड्यात त्याच्या पेल्यातली काळी घाण बघून विश्वास बसेल. कॅनिस्टर ठेवलात तर दर आठवड्याला धुवा, नाहीतर तो नायट्रेटचा कारखाना होतो. लोखंडी अँगलचा स्टँड मिठाने दोन वर्षांत पोखरतो. प्लगच्या वायरला खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी २४ ते २६ अंशांत ठेवायचं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नुसत्या पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, डोंबिवलीच्या दमट मे महिन्यात माझं त्याने काही भागलं नाही आणि शेवटी चिलर घ्यावा लागला. वीज गेली तर काय, याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार हवं. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर. आमच्याकडे एका जूनच्या रात्री सहा तास दिवे नव्हते. मी आणि बायकोने आळीपाळीने मगाने पाणी वर-खाली केलं. मासे वाचले, पण बायकोने दुसऱ्या दिवशी स्वतःच इन्व्हर्टर बुक केला.

शेवटचं, जुना टँक रिकामा करू नका. तो सहा वर्षांचा, चालता संसार आहे. त्यातल्या खड्यांत, दगडांत केव्हा कोणतं औषध गेलं हे तुम्हालाही आठवणार नाही, आणि ते तांब्याचं असेल तर नव्या कोळंब्यांना बाधेल. जागा नाहीच म्हणत असाल तर खडे, दगड टाकून द्या, नुसती काच ठेवा, आणि मासे कोणाला तरी द्या. पाषाण तलाव किंवा मुळा-मुठेत सोडायचा विचारही नको. उजनीत सकर माशाने मच्छीमारांची जाळी कशी फाडली ते तुमच्या जिल्ह्यातले लोक सांगतील. एंजलची जोडी मोठी असेल तर इथेच खाली लिहा. माझ्या पुतणीचा दोन फुटी टँक गेल्या महिन्यापासून रिकामा आहे, आणि ती रोज माझ्या मिठागरातले मासे मागते, जे मी देणार नाही.