रेट्रो गेमिंगसाठी जुना सीआरटी (काचेच्या ट्यूबचा) मॉनिटर: १७ इंची की १९ इंची? सांगलीत भंगारवाल्याकडे दोन्ही आहेत.

१९ इंची घ्या, पण मागच्या लेबलवर किंवा मॉडेलच्या माहितीत हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी (सेकंदाला पडद्यावर किती आडव्या रेषा काढतो) ९६ किलोहर्ट्झ किंवा जास्त असेल तरच. १६००×१२००ला ७५ हर्ट्झवर सुमारे ९४ किलोहर्ट्झ लागतात. ७० किलोहर्ट्झचा १७ इंची ८५ हर्ट्झवर १०२४×७६८पर्यंतच पोचतो. डॉसच्या आणि १९९०च्या दशकातल्या गेमना तेवढंही भरपूर आहे, त्यामुळे १९ इंचीचा फोकस गेलेला असेल तर बिनधास्त १७ इंची उचला.

दुकानातच अर्धा तास चालू ठेवून बघा:
- कोपऱ्यांतली बारीक अक्षरं पुसट दिसतात का.
- ब्राइटनेस कमी करूनही काळा रंग राखाडी राहतो, तिरप्या रेघा दिसतात? सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबचा हा नेहमीचा आजार, सोडून द्या. (त्याच ट्यूबवरच्या दोन बारीक आडव्या रेषा मात्र दोष नाही, पडद्यामागची जाळी स्थिर ठेवणाऱ्या तारांची सावली आहे.)
- हवेच्या फटींत गाळ, गंज. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिजलेला माल असू शकतो.

नव्या ग्राफिक्स कार्डला सीआरटीला लागणारं ॲनालॉग आउटपुट नसतं. जीटीएक्स ९०० मालिकेतलं डीव्हीआय-आय (ॲनालॉग सिग्नलही देणारं पोर्ट) असलेलं कार्ड शोधा. स्वस्त एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर वरच्या रिझोल्यूशनला बहुधा दगा देतो.

टीव्हीला जोडायचे जुने गेम कन्सोल बहुतेक १५ किलोहर्ट्झचे, ते यावर थेट चालणार नाहीत. त्यांना सीआरटी टीव्हीच हवा. आणि मॉनिटर स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.