पुरुषाला वय नसतं म्हणे!

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४४, बायको ३५ ची. लग्न उशिरा झालं. दीड वर्ष ट्राय करतोय, मधे एकदा दिवस गेले पण दोन महिन्यांत गर्भपात झाला. बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफी, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ताची टेस्ट), गर्भनलिकांचा म्हणजे ट्यूबचा एक्सरे, सगळं नॉर्मल. माझी टेस्ट कोणी सांगितलीच नाही, आणि आई म्हणते पुरुषाला कसलं आलंय वय, तुझ्या आजोबांना पन्नाशीत शेंडेफळ झालं. हल्ली थकवा येतो म्हणून जिमचा ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्या म्हणतोय, त्याने स्पर्म पण वाढतील म्हणे. घेऊ का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी इंजेक्शनचं बोलू, कारण ते घेऊन बसलात तर बाकी सगळं बोलणं वाया. अजिबात घेऊ नका! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं भरपूर आहे, मग ती वृषणांना कामाला लावणारे हार्मोन सोडणं कमी करते आणि स्पर्म काउंट पार शून्यावरही येऊ शकतो. १९९० च्या सुमारास डब्ल्यूएचओने हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, आता बोला. बंद केल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं पण त्याला महिनोन् महिने लागतात, आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाहीये.

आता वय. आईंचं अर्धं खरं आहे, पुरुषात स्पर्म तयार होणं पाळीसारखं एका वयात थांबत नाही, त्यामुळे आजोबांचं शेंडेफळ शक्यच आहे. पण चाळिशीनंतर वीर्याचं प्रमाण हळूहळू कमी होतं, नीट पोहणारे आणि नीट आकाराचे शुक्राणू कमी होत जातात, काउंट मात्र बऱ्याच जणांचा ठीक असतो आणि तिथेच माणूस फसतो. शुक्राणू ज्या पेशींपासून बनतात त्या आयुष्यभर विभागत राहतात आणि दर वेळी डीएनएची कॉपी करताना थोड्या चुका साठतात. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं की वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की बाळात साधारण दोन नवे बदल जास्त येतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, घाबरू नका, पण वडील चाळिशीपुढचे असतील तर गर्भपाताचं प्रमाण थोडं वाढतं हे खरंय. तुमच्या बाबतीत तेच झालं असं मी म्हणत नाही, एखादा गर्भपात कुणालाही होतो. पण बायकोला इतक्या टेस्ट करायला लावून तुमची एक साधी टेस्ट कुणी सांगू नये याचा मला राग येतो, कारण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं काहीतरी कारण असतं.

तर वीर्य तपासणी करून घ्या. आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, शक्यतो लॅबमध्येच सॅम्पल द्या, घरून नेत असाल तर तासाभरात पोचवा. काउंट मिलीलिटरला १६ दशलक्ष आणि हलणारे ४२ टक्के ही खालची मर्यादा, त्याच्या वर आलं म्हणजे जिंकलो असं नाही आणि खाली आलं म्हणजे संपलं असंही नाही. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी परत करायचा. शुक्राणू बनून बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे मधे डेंग्यू किंवा जोरदार ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. सिगरेट, तंबाखू, गुटखा आज बंद केलात तर त्याचा फायदा चार दिवसांत दिसेल असं धरू नका, तीन महिने तरी द्या. थकव्यासाठी शुगर, थायरॉइड आणि सकाळी लवकर टेस्टोस्टेरॉन तपासा. डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे शुक्राणूंमधला डीएनए किती तुटलाय ते बघणारी महागडी टेस्ट पहिल्याच फटक्यात कुणी सांगितली तर कशासाठी ते विचारा, ती सहसा पुन्हा पुन्हा गर्भपात झाले तर बघतात.

बायको ३५ ची आहे म्हणजे सहा महिने ट्राय करून डॉक्टर गाठायला हवे होते, तुम्ही दीड वर्ष थांबलात. रिपोर्ट घेऊन आता दोघं एकत्र जा, तिला एकटीला पाठवू नका. आणि ट्रेनरला सांगा, स्क्वॉट शिकव, बाकी राहू दे.