नागपुरात राहून दोन इंची चाकू हाताने बनवायचा आहे. पोलाद कोणतं घेऊ आणि पाणी कसं देऊ?

जुनी कानस घ्या, इतवारीच्या लोहाओळीत किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळून जाईल. चांगल्या कानशीत साधारण १ टक्का कार्बन असतो, म्हणून तिला पाणी नीट चढतं, म्हणजे तापवून एकदम गार केली की ती कडक होते. हॅक्सॉचं ब्लेड बरेच जण सुचवतात, पण आजकालच्या बायमेटल ब्लेडला फक्त दातांपुरतं कडक पोलाद असतं, पाठ निरुपयोगी.

आधी कानस लाल करून राखेत पुरून ठेवा, रात्रभर. नरम झाली की करवत चालते. पातं घासून आकार द्या, पण धार आत्ताच काढू नका. कडेला अर्धा मिलिमीटर तरी जाडी राहू द्या, नाहीतर तापवताना तीच आधी जळते. मग चुंबक चिकटेनासं होईपर्यंत (सुमारे ७७० अंश) तापवा, त्याहून थोडं वर न्या आणि कोमट गोडेतेलात सरळ उभं बुडवा. लहान कामात खरी गोम इथेच आहे: एवढंसं पातं हवेतच गार होतं. माझी पहिली दोन पाती तेलापर्यंत पोचेस्तोवरच विझली. तेलाचा डबा ज्योतीला अगदी खेटूनही नको, वाफ पेट घेते. हातभर अंतर पुरे. शेवटी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, घासलेल्या जागी गवती पिवळा रंग येईस्तोवर. मूठ शिसवीची, पितळी तारेच्या खिळ्याने बसवलेली.

फक्त एक बघा, स्वस्तातल्या काही कानशी वरवरच कडक असतात. ग्राइंडरवर वरचा थर घासून काढल्यावर आतल्या पोलादाच्या ठिणग्यांनाही दाट फुलोरा आला तरच घ्या.